सुकले म्हणजे पिकले नव्हे

नागपूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत शिरतो आणि पुढे निर्मलवरून गोदावरीकडे उतरतो. निर्मल आज स्वतंत्र जिल्हा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेलंगणाने जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे केले, त्यातला हा एक. पण लाकडी खेळण्यांच्या संदर्भात आदिलाबाद म्हटले की अजूनही निर्मलच डोळ्यांसमोर येते. नदीपलीकडे यवतमाळ आणि चंद्रपूर, त्यामुळे या भागात मराठी काही परकी नाही. घरात मराठी आणि बाजारात तेलुगू बोलणारी माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत.

निर्मलची खेळणी पोनिकी नावाच्या झाडाच्या लाकडाची असतात. हे लाकूड मऊ आणि हलके असते. नक्काश कारागीर त्यातून फळे, पक्षी, हरणे, माणसे कोरतात. हात, पाय, शेपूट असे सुटे भाग चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने जोडतात. मग पांढऱ्या मातीचा हात देऊन पृष्ठभाग गुळगुळीत करतात आणि त्यावर रंग चढतो. पूर्वी हे रंग झाडपाल्याचे आणि खनिजांचे असत, गेल्या शतकात एनॅमल आणि ड्युको आले. निर्मलच्या फळ्यांवरची चित्रे तुम्ही पाहिली असतील. काळीभोर जमीन, तिच्यावर सोनेरी आकृत्या आणि वर आरशासारखी चकाकी. या चकाकीबद्दलच आज थोडे लिहायचे आहे. ती येते कशी यापेक्षा टिकते कशी, हा माझा प्रश्न आहे.

याच निर्मलमध्ये एके काळी गंजिफाही होत. आपल्याला गंजिफा म्हटले की शेजारची सावंतवाडी आठवते. तिथल्या दशावतारी गंजिफेत १२० गोल पत्ते असतात. जाड कागदाला चिंचोक्याची खळ, त्यावर रंगकाम आणि वर लाखेचा हात. निर्मल कुठे आणि सावंतवाडी कुठे, पण चिंचोका दोन्हीकडे आहे. आता या पत्त्यांचा विचार करा. ते एकावर एक रचून डबीत ठेवायचे असतात, दमट हवेत हाताळायचे असतात. वरची लाख जर कच्ची राहिली, तर १२० पत्त्यांची एक वीट होईल आणि दहाही अवतार एकमेकांना चिकटून बसतील. म्हणून गंजिफा करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असावी लागे. हाताला कोरडे लागणे वेगळे आणि खरोखर घट्ट होणे वेगळे.

हा फरक आपण विसरलो आहोत, असे माझे म्हणणे आहे. त्यात दोष कारागिराचा कमी आणि काम सांगणाऱ्याचा, म्हणजे तुमचा-आमचा, जास्त आहे.

घराचा स्लॅब घातला की त्यावर पाणी साठवून ठेवतात, रोज पाणी मारतात. सिमेंट दुसऱ्या दिवशी टणक लागते, चालता येते, पण म्हणून कोणी त्यावर भिंत चढवत नाही. त्याला आठवडे द्यावे लागतात हे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. लोणच्याचेही तेच. फोडी मिठात घातल्या म्हणजे लोणचे झाले असे कोणी म्हणत नाही, ते मुरावे लागते. मग दाराला, पलंगाला, देवाच्या चौरंगाला वार्निश लावल्यावर मात्र आपण दुसऱ्या दिवशी बोट लावून बघतो, बोटाला लागले नाही की म्हणतो, ‘सुकले!’ आणि त्यावर पितळेची समई ठेवून मोकळे होतो. आठवडाभराने समई उचलली की खाली तिचे गोल बूड उमटलेले असते.

वार्निश सुकते म्हणजे त्यातला पातळ करणारा द्रव उडून जातो. ते पिकते म्हणजे उरलेल्या द्रव्याचे कण एकमेकांत गुंफले जाऊन त्याचा एकसंध पापुद्रा होतो. पहिली गोष्ट तासांत होते, दुसरीला दिवस किंवा आठवडे लागतात. शिवाय सगळी वार्निशे एकाच रीतीने पिकत नाहीत. ही गोष्ट नीट समजली तर निम्मा त्रास वाचेल.

सर्वांत सरळ रीत लाखेची. आपल्या कुंकळ्ळीचे चित्तारी, सावंतवाडीचे कारागीर किंवा कर्नाटकातले चन्नपट्टणचे खेळणीवाले फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, लाकडावर पसरते आणि वर पान घासले की चकाकते. इथे उडून जायला द्रवच नाही. लाख थंड झाली की काम संपले. भर पावसातही हे काम होते. आपल्या दमट किनाऱ्यावर हीच कला का रुजली, याचे एक कारण मला यात दिसते.

दुसरी रीत स्पिरिटच्या पॉलिशची. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पुरचुंडीने थरावर थर द्यायचे. याला आपण फ्रेंच पॉलिश म्हणतो, माल मात्र भारतातल्या पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांचा. स्पिरिट उडाले की लाख मागे उरते. यात दोन खोड्या आहेत. हवा दमट असली की स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतले पाणी त्यावर बसते आणि पॉलिश पांढरट होते. पावसाळ्यात केलेल्या पॉलिशवर साय धरल्यासारखे दिसते ते यामुळेच. दुसरी खोडी अशी की लाख स्पिरिटमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिली तर तिची स्पिरिटशीच रासायनिक सोयरीक होते. असे जुने पॉलिश लावले तर ते कायमचे चिकट राहते, कितीही पंखे लावा. काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकून बघावा. रात्रभरात तो कडक झाला नाही, तर बाटली खुशाल टाकून द्यावी.

तिसरी रीत तेलाची. जवसाचे तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात, आणि त्या जातीच्या तेलांवर उभी असलेली वार्निशे. ही हवेतला प्राणवायू शोषून पिकतात. सुकताना वस्तू हलकी होते असे आपल्याला वाटते, पण जवसाचे तेल पिकताना चक्क वजनाने वाढते. म्हणजे त्याला हवा खायला लागते. बंद कपाटाच्या आत, खणांच्या तळाशी तेलाचे वार्निश लावले तर महिनोन्‌महिने वास जात नाही, त्याचे कारण हेच. आतल्या भागाला लाखेचे पॉलिश लावावे असे जाणते मेस्त सांगतात, ते काही उगाच नव्हे. जाड थराचेही तसेच. वरचा पापुद्रा हवा खाऊन बंद होतो आणि खालचे तेल आत कोंडते. मग वर सुरकुत्या आणि खाली चिकट. लवकर सुकावे म्हणून सुकवणारे द्रव्य जास्त घातले तर हीच गत आणखी लवकर होते. जाता जाता एक सावधगिरीची सूचना. या तेलात बुडालेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. पिकताना तेल उष्णता सोडते, आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

चौथी रीत ड्युकोची. निर्मलच्या फळ्यांवर तो पोचला तो मोटारीच्या मार्गाने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीला तेलाच्या वार्निशाचा रंग द्यायला आठवडे लागत. कारखान्यात गाड्या तयार आणि रंग ओला, अशी अवस्था. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात आपली मॉडेल टी गाडी फक्त काळ्या रंगात काढली, त्याच्या कारणांत रंग भराभर उरकण्याचा हिशेबही होता असे सांगतात. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने ड्युपाँ कंपनीचा ड्युको वापरायला घेतला आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. हे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर. त्यातला थिनर भराभर उडतो, पापुद्रा मागे उरतो. पुढे कंपनीचे नावच आपल्याकडे प्रकाराचे नाव झाले. आज कुठलाही सुतार चकचकीत रंगाला ‘ड्युको’ म्हणतो, मग डब्यावर काहीही लिहिलेले असो. या ड्युकोलाही दमट हवा सोसत नाही, तोही स्पिरिट पॉलिशसारखा पांढरा पडतो.

पाचवी रीत दोन डब्यांची. मेलामाइन आणि पीयू या नावांनी दुकानात मिळणारे हे प्रकार दोन द्रव्ये मिसळल्यावर आपसांतल्या क्रियेने कडक होतात. माप चुकले तर संपले, आणि त्यावर औषध नाही. पीयूतले एक द्रव्य पाण्याशीही क्रिया करते आणि त्यातून वायू सुटतो. जुलै महिन्यात ओलसर लाकडावर पीयू मारला की बारीक बारीक फोड येतात, ते याचेच. रंगारी म्हणतो माल खराब, दुकानदार म्हणतो रंगारी खराब. खराब असतो तो मुहूर्त.

यातल्या कोणत्याही रीतीला मी नावे ठेवत नाही. प्रत्येकीची जागा आहे. पण दुकानात नमुन्याची चकचकीत पट्टी पाहून आपण निवड करतो, तेव्हा ती पट्टी कोणत्या लाकडावर, कोणत्या हवेत, किती दिवसांत तयार झाली हे कोणी विचारत नाही.

लाकडाचेच घ्या. आदिलाबादचा जुना मुलूख सागाचा. कव्वालचे अभयारण्य, जे २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले, ते मुख्यतः सागवानाचे रान आहे. आपल्याकडे गोव्यात सागाबरोबर शिसवीचा मान मोठा. पोर्तुगीज काळातल्या घरांतल्या खुर्च्या, पलंग, कपाटे शिसवीची. साग आणि शिसव ही दोन्ही लाकडे टिकतात, कारण त्यांच्या अंगात निसर्गतःच तेलकट आणि कीड-बुरशीला रोखणारी द्रव्ये असतात. पण याच द्रव्यांपैकी काही प्राणवायूची क्रियाही अडवतात. म्हणजे जो गुण लाकूड टिकवतो, तोच तेलाचे वार्निश पिकू देत नाही. शिसवीच्या टेबलावर वार्निश लावले आणि महिनाभर ते चिकटच राहिले, ही तक्रार जगभरच्या सुतारांची आहे. उपाय साधा आहे. लाकूड थिनरने पुसून घ्यावे, आधी मेण काढलेल्या चपडी लाखेचा पातळ हात द्यावा आणि त्यावर वार्निश चढवावे. लाख मध्ये भिंत होऊन उभी राहते. जुन्या पॉलिशवाल्यांना यातले रसायन ठाऊक नव्हते, पण शिसवीला आधी लाख, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. असा हात एकदा गेला की तो कुठल्या डब्यावरच्या चिठ्ठीत सापडत नाही.

आता हवेचे बघू. आदिलाबाद हा तेलंगणातला सर्वांत गार भाग मानतात. थंडीत रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि उन्हाळ्यात पंचेचाळिसाच्या घरात जातो. पाऊस वर्षाला साधारण हजार मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे तिथल्या कारागिराला वर्षातले बरेच महिने कोरडे मिळतात. त्याची अडचण थंडीची. तेलाचे वार्निश थंडीत आळसावते, रात्री जवळजवळ झोपी जाते. आपल्याकडे थंडी नावालाच आणि पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. जून ते सप्टेंबर दारे-खिडक्या फुगतात, खण उघडत नाहीत, पापड मऊ पडतात. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास फिरते. या दिवसांत लाकूड स्वतःच पाणी पिऊन बसलेले असते. त्यावर वार्निशाचा पापुद्रा चढवला तर दिवाळीनंतर लाकूड आकसते आणि पापुद्रा फाटतो. तोच डबा, तोच ब्रश, तोच हात, पण निर्मलला लागणारे दिवस आणि डिचोलीला लागणारे दिवस एक कसे असतील? डब्यावर ‘आठ तासांत सुकते’ लिहिलेले असते, ते एका ठरावीक तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या हिशेबाने. तो डबा लिहिणाऱ्याने आपला श्रावण पाहिलेला नसतो.

आणि आपण नेमके काय करतो? वर्षभर माळ्यावर पडलेला चौरंग चवथीच्या आधी आठ दिवस खाली काढतो. माटोळीची चौकट, मखराच्या फळ्या, पाट, सगळे एकदम आठवते. बाहेर पाऊस कोसळत असतो. रंगाऱ्याला फोन जातो, ‘बाबा, दोन दिवसांत करून दे.’ तो बिचारा करून देतो. चवथीला घर चकचकीत दिसते. विसर्जनाच्या दिवशी मूर्ती उचलताना खालचा कागद चौरंगालाच चिकटून येतो. हे दर वर्षी होते आणि दर वर्षी आपण रंगाऱ्याला बोल लावतो. फोंडा महालातल्या एका देवस्थानात जत्रेच्या तोंडावर पालखीला वार्निश दिले होते. पालखीच्या दांड्याचे ते कच्चे वार्निश खांद्यावरच्या उपरण्यांना लागले. बोलणी बसली ती रंगाऱ्याला. जत्रेची तारीख वर्षभर आधी सर्वांना माहीत होती, त्याबद्दल कोणी काही बोलले नाही.

पूर्वी हे असे नव्हते, कारण कामाला ऋतू होता. दसरा उलटला, पाऊस सरला, लाकूड हलके झाले की लाकडाला तेल-पॉलिश लावायचे दिवस सुरू होत आणि ते शिगम्यापर्यंत चालत. चवथीचा चौरंग मागच्या उन्हाळ्यातच तयार असे. त्याला काही शास्त्राचा आधार म्हणून कोणी सांगत नसे, ती रीत होती. आज विजेचे पंखे आहेत, स्प्रे गन आहे, तऱ्हेतऱ्हेचा माल आहे, आणि म्हणून ऋतू पाळायची गरज नाही असे वाटू लागले आहे. खरे तर माल जितका नाजूक, तितका ऋतू पाळायला हवा.

कोणी म्हणेल, दमट हवेत काहीच चांगले पिकत नाही, मग किनाऱ्यावरच्या माणसाने करायचे काय? याचे एक सुंदर उत्तर जपानकडे आहे. तिथल्या उरुशी नावाच्या झाडाच्या चिकापासून होणारे लॅकर कोरड्या हवेत पिकतच नाही. त्याला सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता लागते. जपानी कारागीर वस्तू मुद्दाम ओलसर केलेल्या लाकडी कपाटात ठेवतात. त्या चिकातले एक विकर दमट हवेत काम करते आणि पापुद्रा दगडासारखा घट्ट होतो. १८८३ मध्ये योशिदा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने त्याचा शोध लावला. म्हणजे दमट हवा हा शाप आहे की वरदान, हे माल कोणता यावर ठरते. जपानी लोकांनी आपल्या हवेला साजेसा माल निवडला आणि त्याला हवा तेवढा वेळ दिला. आपण हवा बघत नाही, माल निवडत नाही आणि वेळही देत नाही.

गोवेकरांनी या गोष्टीकडे थोड्या आपुलकीने बघायला हवे. या उरुशीचे झाड आणि आपला काजू एकाच कुळातले. काजूच्या टरफलातले झोंबणारे तेल, ज्याने भाजणाऱ्या बायांची बोटे सोलवटतात, ते उरुशीच्या चिकाचे चुलतभावंड आहे. आपल्या किनाऱ्यावर ते होड्यांना आणि वाशांना लावत आले आहेत, कीड आणि पाणी दोन्ही दूर राहते म्हणून. जपानने याच टरफलाच्या तेलापासून उरुशीला पर्याय म्हणून लॅकर तयार केले आणि ते बाजारात ‘काजू’ याच नावाने चालते. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, जपानी लॅकरच्या पेट्याही त्यांच्याच गलबतांतून गोव्यामार्गे युरोपात गेल्या. इतकेच काय, ‘लॅकर’ हा शब्दसुद्धा मूळचा आपला. आपली ‘लाख’ पोर्तुगीजांच्या तोंडी ‘लाक्रे’ झाली आणि फ्रेंचांकडून इंग्रजीत जाऊन ‘लॅकर’ होऊन परत आली. शब्द आपला, काजू आपल्या दारात, चित्तारी आपले, आणि तरी वार्निशाच्या बाबतीत आपण अडाणी राहावे हे काही बरे नाही.

मुद्दा मजुरीचाही आहे, आणि माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे. पॉलिशचे काम आज चौरस फुटाच्या दराने दिले जाते. म्हणजे हात फिरेल त्याचे पैसे, थांबण्याचे नाहीत. पण या कामात थांबणे हेच अर्धे काम आहे. पहिला हात, मग थांबणे, घासणे, दुसरा हात, पुन्हा थांबणे. थांबलेल्या दिवसाचे पैसे मिळत नसतील तर गरीब माणूस थांबेल कशाला? तो सुकवणारे द्रव्य जास्त घालील, तीन पातळ हातांऐवजी एक जाड हात देईल आणि पुढच्या कामावर जाईल. त्याला घाई आपणच शिकवली आहे. निर्मलच्या नक्काशांचीही कथा वेगळी नाही. पोनिकीचे लाकूड दुर्मीळ होत चालले आहे. निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ही चांगलीच गोष्ट. पण मानांकन नावाचे रक्षण करते, वाळवणीच्या दिवसांची मजुरी देत नाही.

खेळण्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न शोभेचा राहत नाही. तेल लवकर सुकावे म्हणून त्यात शिशाची द्रव्ये घालण्याची युक्ती फार जुनी आहे. रंगांतही शिसे असे. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही, आणि ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले, तेव्हा नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना त्यातून सूट मिळाली. ती सूट योग्यच होती, नाहीतर घरात बसून खेळणी करणारे कारागीर बुडाले असते. पण सूट मिळाली म्हणजे जबाबदारी सरकारी चिठ्ठीवरून आपल्या नाकावर आली. मूल खेळणे तोंडात घालते. खेळण्याला थिनरचा किंवा तेलाचा वास येत असेल तर ते अजून पिकलेले नाही. घेऊ नये, किंवा घेतलेच तर काही आठवडे हवेशीर जागी ठेवून मगच मुलाच्या हाती द्यावे. आणि विकणाऱ्याला हे स्पष्ट सांगावे, म्हणजे पुढच्या खेपेला तो थांबेल.

याला दुसरी बाजू आहे, तीही मांडतो. आज कारखान्यांत अतिनील किरणांखाली काही क्षणांत पिकणारी वार्निशे आहेत. बाजारातून आणलेल्या तयार फळीवरचा पापुद्रा त्या जातीचा असू शकतो आणि तो उत्तम असतो. ज्याला वेळ नाही त्याने तशी फळी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण देवळातला कोरीव खांब, आजोबांचा शिसवी पलंग, घराचा उंबरठा कारखान्यात नेता येत नाही. तो जिथे आहे तिथे, आपल्या हवेत, माणसाच्या हातानेच पिकवावा लागतो. आणि तिथे यंत्राने घासून जुनी लाख काढून टाकायची, वर पीयूचा जाड थर चढवायचा, हा जो सपाटा चालला आहे, तो मला धोक्याचा वाटतो. लाखेचे पॉलिश बिघडले तर स्पिरिटने पुन्हा जागे करता येते, त्यावर नवा हात बसतो. पीयू बिघडला तर खरवडण्यावाचून इलाज नाही, आणि खरवडताना जुन्या सुताराची रंध्यामागची रेषही जाते.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. काम सांगताना तारीख उलटी मोजावी. चवथ, जत्रा, लग्न, गृहप्रवेश यांच्या आधी निदान महिनाभर वार्निशाचा शेवटचा हात पडलेला असावा, आणि तो शक्यतो दिवाळी ते शिगमा या कोरड्या दिवसांत पडावा. पावसातच करणे भाग असेल तर माल त्या हिशेबाने निवडावा आणि उघडीप मिळेपर्यंत थांबायची तयारी ठेवावी. पातळ थर द्यावेत आणि हवा खेळती ठेवावी. पिकले की नाही हे बोट लावून ठरवू नये. न दिसणाऱ्या कोपऱ्यात नख दाबून बघावे, वण उमटला तर कच्चे. बारीक पॉलिश पेपर फिरवावा, कोरडी पूड पडली तर पिकले, कागद चिकटून तुंबला तर अजून वेळ आहे. आणि नाक जवळ न्यावे, ते सहसा खोटे बोलत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पॉलिशवाल्याशी बोलताना थांबण्याच्या दिवसांचे पैसे वेगळे धरावेत. देवस्थानच्या समित्यांनी तर हे ठरावातच घालावे. किती हात, मध्ये किती दिवस, आणि त्या दिवसांचे काय, हे कागदावर असले की जाणता कारागीर नीट काम करील आणि अर्धकच्च्या माणसालाही नीट काम करणे परवडेल. आपल्याकडे हाताने पॉलिश करणारे थोडेच उरले आहेत. त्यांची मुले या धंद्यात येत नाहीत, कारण यात पैसा घाईचा मिळतो आणि बोलणी कच्च्या कामाची बसतात. घाईचे पैसे बंद करून सबुरीचे द्यायला लागलो, तर कदाचित त्यातला एखादा मुलगा बापाजवळ बसून पुरचुंडी धरायला शिकेल.